लागलेली कडी

जुना कॉम्प्युटर विकायचा म्हणून त्यातलं सगळं डिलीट करूनच मी तो दुकानात नेला. दुरुस्तीवाल्या सुभाषरावांनी सगळं खरंच गेलंय का ते बघायला कसलासा प्रोग्राम लावला आणि माझ्या फायली पुन्हा पडद्यावर उभ्या राहिल्या. मी समुपदेशक. माझ्यासमोर बसून बायकांनी वर्षानुवर्षं जे सांगितलं, त्याच्या त्या नोंदी होत्या.

"ताई, डिलीट केलं की फक्त नाव जातं, मजकूर राहतो," ते म्हणाले. "सगळ्या डिस्कवर शून्यं लिहून तो पुसावा लागेल. चार तास लागतील. संध्याकाळी या."

"मी इथंच बसते."

पडद्यावरची हिरवी पट्टी कणाकणाने सरकत होती. ती बघताना आठवलं, जवळजवळ प्रत्येकीने बोलण्याआधी विचारलं होतं, "ताई, बाहेर ऐकू जात नाही ना?" मग मी उठून, आधीच लागलेली कडी तिच्यादेखत पुन्हा ओढून दाखवायचे. तेवढ्यानेच तिला कंठ फुटायचा. त्यांचं बोलणं माझ्या मनातून पुसलं जाणार नाही, जाऊही नये. पण ते राहिलं तर तिथंच राहील. कुणा अनोळखी घरातल्या टेबलावर नाही.

"झालं, ताई," सुभाषराव म्हणाले.

"आता तुमचा तो प्रोग्राम पुन्हा लावा."

"अहो, काही उरलेलं नाही. माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे. तरी लावा."

त्यांनी लावला. एकही फाईल आली नाही. लागलेली कडी मी शेवटची ओढून पाहिली आणि उठले.