उक्तं काम

नोकरी सोडली तेव्हा मी एकावन्न वर्षांचा होतो. पुण्याच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं उत्पादनाचं नियोजन केलं: कोणत्या यंत्रावर किती माणसं, किती तास. त्यातली शेवटची नऊ वर्षं तयार माल हातातसुद्धा घेतला नव्हता, फक्त तक्ते पाहिले. कवठे महांकाळजवळ वडिलांची दोन एकर द्राक्षबाग होती. तिथे बेदाण्याची शेड उभी केली. बायको सांगलीत शिक्षिका आहे. ती म्हणाली, "एक हंगाम करून बघा. नाही जमलं तर पुण्याला परत जा." जुन्या साहेबांनी माझी जागा मार्चअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती.

तोडलेली द्राक्षं क्रेटमध्ये शेडवर येतात. ती लवकर वाळावीत म्हणून द्रावणात बुडवून जाळीच्या अकरा थरांवर पसरायची. हे त्याच दिवशी व्हावं लागतं. माल क्रेटमध्ये राहिला तर उबतो, रस सुटतो आणि बेदाणा काळा पडतो.

पसरायला चौदा बायकांची टोळी येत होती. मी शेडमध्ये पांढरा फळा लावला, हजेरीपट केला आणि वेळ ठरवली, आठ ते पाच. पहिल्या दिवशी एकशे ऐंशी क्रेट अडीचलाच संपले. बायका डबे गोळा करू लागल्या. मी म्हणालो, पाच वाजायचे आहेत. मग त्यांना सकाळीच झाडलेली शेड पुन्हा झाडायला लावली.

दुसऱ्या दिवशी तेवढेच क्रेट बरोबर पाच वाजता संपले. ताशी अठ्ठावीसवरून काम ताशी वीसवर आलं होतं. मी ते फळ्यावर लाल शाईने लिहिलं.

तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. नऊ वाजेपर्यंत तोडणीवाल्यांनी शंभरावर क्रेट सावलीत आणून लावले होते. मी मोटरसायकल काढून टोळीच्या म्होरक्या मावशींच्या घरी गेलो. त्या म्हशीला वैरण टाकत होत्या.

"मावशी, माल तोडून पडलाय."

"मग बसवा की त्याला पाचपतुर."

त्यांनी हात झटकले.

"आवं सायेब, आमी काम संपवून घरी जातो. तुमी येळ संपवायला लावता. तुमच्या कंपनीत काय येळ भरली की माल आपोआप तयार व्हायचा?"

खरं सांगायचं तर अधूनमधून तसंच चालायचं.

"तुमचं कसं असतं ते सांगा," मी म्हणालो.

"उक्तं. एवढं क्रेट, एवढं काम. झालं की मोकळ्या. आता ही म्हस, हिची तीनला धार काढायची असती. तिला तुमचा फळा वाचता येत न्हाई."

"फळा काढतो. आणि उशीर झालाय, तर मीपण हाताखाली येतो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी? खालचा थर घ्या मग. वाकाय लागंल."

साडेदहाला सगळ्या आल्या. मी खालच्या थरावर गुडघ्यांवर बसून घड पसरत होतो. शेजारची बाई दर थोड्या वेळाने माझी दाटी मोडून घड सुटे करी आणि म्हणे, "आवं, ह्यांना वारा लागू द्या की." द्रावणाने बोटं बुळबुळीत झाली, पाठ भरून आली. चार वाजायला दहा मिनिटं असताना शेवटचा क्रेट रिकामा झाला. एकशे ऐंशीपैकी माझे नऊ. टोळी पदर झटकत निघून गेली. मी शेडमध्ये उभा राहिलो. करायचं काहीच उरलं नव्हतं, आणि हे पटायला मला थोडा वेळ लागला.

साडेपाचला सांगलीत घरी पोचलो. बायको नुकतीच शाळेतून आली होती.

"इतक्या लवकर? काही बिघडलं का?"

"नाही. काम झालं."

तिने माझे सुरकुतलेले हात पाहिले आणि आधी चहा टाकला. चहा पिताना मी म्हणालो, "पुण्याला परत येत नाही म्हणून उद्या कळवतो."

"हंगाम अजून अर्ध्याहून जास्त बाकी आहे," ती म्हणाली.

"हो. साधारण नऊशे क्रेट."

ती हसली. "मग आज पाठीला तेल लावून झोपा."