माणसाला तोंड हाय

हातपंप खोलायच्या आधी किसन त्याला कान लावून बसायचा. मग पान्हा उचलत म्हणायचा, "पंप बोलत न्हाई, म्हून खोलावा लागतो. माणसाला तोंड हाय की!" हा टोमणा मला असायचा. मी रुसलो की दोन-दोन दिवस गप्प. त्याचं तसं नव्हतं. मी डबा उशिरा आणला तर तो तोंडावर सांगायचा, "भूक लागली व्हती, राग आला. उद्या टायमावर आण." आणि लगेच हसायला मोकळा.

लातूर जिल्हा उस्मानाबादमधून नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळात विहिरींनी तळ गाठला होता. तो पंपदुरुस्तीचा मिस्त्री, मी नोंदी ठेवणारा कारकून. एकाच जीपमधून गावं पालथी घालायचो. देवणीकडच्या एका गावात त्याने भर उन्हात पंप चालू करून दिला. जवळच्या घरातून मला तांब्या-पेला आला. किसनला मात्र ओंजळ धरायला लावून वरून पाणी ओतलं. तो बौद्ध, मी कुलकर्ण्यांचा. मी मुकाट्याने पेला रिकामा केला.

जीपमध्ये बसल्यावर तो म्हणाला, "त्येंचं सोड. तू पिलास, त्येचं लागलं. माफी नको मला. पुढच्या टायमाला तू बी ओंजळीनं पी. यवढंच पायजे."

यात अवघड काय होतं? पण मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. लोक काय म्हणतील याची भीती वाटते, एवढं कबूल केलं असतं तरी त्याने ऐकून घेतलं असतं. त्याच आठवड्यात जुना जिल्हा हवा की नवा, असं विचारणारा कागद ऑफिसात आला. मी जुना लिहून दिला आणि उस्मानाबादला गेलो. गेलो कसला, पळालो.

तिसऱ्या उन्हाळ्यात पंपावरच ऊन लागून किसन वारला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने, शांताबाईंनी, पाण्याचा पेला पुढे केला. मी तो घेतला नाही, ओंजळ धरली. त्यांचा चेहरा उतरला.

"घासलेला हाय, साहेब."

त्यांना वाटलं, मला त्यांच्या घरचा पेला चालत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मात्र तोंड उघडलं आणि तो तांब्या, ती जीप, तो कागद, सगळं सांगून टाकलं.

शांताबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. पेला माझ्यापुढे ठेवला.

"हे त्येंला सांगायचं व्हतं," त्या म्हणाल्या.