खिडकीखालचा भुसा

आमचं लग्न ठरवायला सासरे पहिल्यांदा माझ्या माहेरी आले, तेव्हा ते दारातच थांबले. माझे वडील "या, या" म्हणत होते आणि हा गृहस्थ काही आत पाऊल टाकेना. त्यांनी बोटाच्या पेराने चौकटीवर टकटक केलं, मग लाकडाला कान लावला आणि डोळे मिटून उभे राहिले. आईला वाटलं, भोवळ आली. ती पाणी घेऊन धावली. तेवढ्यात सासऱ्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "चौकट ठणठणीत आहे. माणसंही असतील." त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. हयात सुतारकामात गेली. आता गुडघे कुरकुरतात, तरी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादं स्टूल, एखादी मांडणी चालूच असते. पण त्यांचं खरं नाव झालं ते कानामुळे. कोणी जुनं घर घेणार असलं, कोणाचं दार करकरायला लागलं, की आधी मिस्त्रींना बोलावणं जायचं. ते ठोकायचे, ऐकायचे आणि एकच शब्द बोलायचे. 'ठणठणीत' किंवा 'पोकळ'. त्या एका शब्दावर लोक निर्धास्त झोपायचे.

सासूबाईंना मात्र या कीर्तीचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांचा झाडू आणि सासऱ्यांचा भुसा यांचं वैर माझ्या लग्नाच्याही आधीचं. शेडमधून येताना मागच्या पायरीवर उभं राहून कपडे झटकायचे, मगच आत यायचं, हा घरातला कायदा होता. सासरे तो पाळायचे. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली रोज सकाळी चिमूटभर भुसा दिसायला लागला, तेव्हा तपास वगैरे काही झालाच नाही, थेट निकाल लागला. सासरे म्हणायचे, मी झटकून आलो होतो. सासूबाई विचारायच्या, मग भुसा काय पायांनी चालत आला? दुसऱ्या कोणाच्या घरात असा भुसा दिसला असता, तर माणसं हादरली असती. पण सुताराच्या घरात भुसा बघून कोण दचकणार? शिंप्याच्या घरात चिंध्यांची चौकशी कोण करतं?

त्याच सुमारास आमच्या टीव्हीचा आवाज इतका वाढला, की शेजाऱ्यांना आपला टीव्ही लावायची गरज उरली नाही. दाराची बेल वाजली तरी सासरे हलायचे नाहीत आणि वर म्हणायचे, हल्ली लोक बेल फार हळू दाबतात. एकदा जेवताना माझ्या नवऱ्याने कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला. सासरे अर्ध्या ताटावरून उठले आणि शेडमध्ये जाऊन बसले. मला त्यांचा भयंकर राग आला. तो ओसरल्यावर वाईट वाटलं. कान गेला हे एकदा कबूल केलं, की 'ठणठणीत' म्हणण्याचा हक्कही गेला. आणि त्या शब्दाशिवाय मिस्त्री म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांचे एक म्हातारे गृहस्थ, एवढंच उरलं असतं.

मग ते काही दिवसांसाठी बहिणीकडे गेले. ते गेल्यानंतरच्या सकाळी सासूबाईंनी झाडू मारला आणि खिडकीखाली आल्यावर सवयीने आवाजाची पट्टी चढवली. "अहो, कितीदा सांगायचं तुम्हाला..." आणि तिथेच गप्प झाल्या. अहो घरात नव्हते. भुसा होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कसंबसं हसू दाबलं आणि सुपली उजेडात धरली. भुशात बारीक काळे पाय होते आणि एक पारदर्शक पंख. सुतारकामाच्या भुशाला पाय फुटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात खिडकीच्या खालच्या फटीतून एक भला मोठा काळा मुंगळा बाहेर आला. तोंडातला लाकडाचा कण त्याने खाली टाकला आणि कामाच्या घाईत असल्यासारखा परत आत गेला. झटकायला बाहेर येण्याचा कायदा त्यालाही माहीत होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हटलं.

सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या. सासऱ्यांनीच केलेलं स्टूल होतं ते. मग सासूबाईंनी मला बजावलं, "मुंगळ्यांचं सांग त्यांना, पण मला वाईट वाटलं हे सांगायचं नाही." त्या दुपारी मी खिडकीच्या चौकटीला कान लावून पाहिला. पलीकडच्या खोलीत कोणी पातळ कागद चुरगाळत असावं, तसा आवाज आतून येत होता. सासूबाईंनाही तो ऐकू आला.

सासरे परत आले, तसं आम्ही त्यांना पिशवीसकट खिडकीपाशी नेलं. त्यांनी टकटक केलं, कान लावला, डोळे मिटले.

"ठणठणीत."

सासूबाई गप्प आहेत हे बघून सासरे चरकले. त्यांनी दुसरा कान लावला. बराच वेळ लावला. मग बाजूला झाले आणि मला खूण केली. मी लाकडाला कान टेकला.

"येतंय तुला?"

"येतंय, बाबा."

त्यांचा चेहरा इतका पडला, की त्या क्षणी मी खोटं का नाही बोलले असं मला वाटून गेलं. त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. मुंगळे भराभरा बाहेर पडले आणि सासूबाई माझ्या मागे लपल्या. लाकडाचा तुकडा निघून आला. आत नुसते बोगदे होते, एकाला एक लागून, गुळगुळीत. सासऱ्यांनी त्यातून बोट फिरवलं. "पॉलिशपेपर मारलाय लेकांनी," ते म्हणाले. त्या परिस्थितीतही त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

मग त्यांच्यातला मिस्त्री जागा झाला. वाळवी लाकूड खाते आणि मागे माती ठेवते, हे खात नाहीत, पोखरून राहायला जागा करतात आणि भुसा बाहेर टाकतात, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. यांना लागतं ओलं लाकूड. ओल कुठली, तर सिंकचा पाइप मागच्या बाजूने झिरपत होता. आणि मुंगळे आले कुठून? सासरे मुंगळ्यांच्या रांगेमागे निघाले. रांग खिडकीतून बाहेर, भिंतीवरच्या वेलीवरून खाली आणि थेट सासऱ्यांनी 'लागतील कधीतरी' म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्यांमध्ये. खालच्या फळ्या भिजून काळ्या पडल्या होत्या. मूळ घर तिथे होतं, खिडकीत नुसती शाखा उघडली होती.

सासूबाईंना वाचा फुटली. "म्हणजे भुसा तुमचाच."

सासूबाई चप्पल घेऊन मुंगळ्यांवर धावल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना अडवलं. बाहेर दिसतात ते नुसते मजूर, राणी आत बसली आहे. मजुरांच्याच तोंडून तिच्यापर्यंत औषध पोचवायचं. म्हणून साखरेच्या पाकात थोडी बोरिक पावडर कालवून त्यांच्या वाटेवर ठेवली. पाइप आधीच बदलून घेतला, कारण ओल राहिली तर दुसरे येणारच. वेल छाटली. सडक्या फळ्या गेल्या, चांगल्या भिंतीपासून लांब विटांवर चढल्या. नव्या चौकटीला सासऱ्यांनी खालून, आतून, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे आधी रंग दिला. आणि रंगाचा हात धुवून आल्यावर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तो कानाचा डॉक्टर कुठे बसतो?"

कानात यंत्र आलं आणि सासरे हैराण झाले. चमचा पडला तरी दचकायचे. एवढा गोंगाट घरात आधीपासून होता का, असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. मग ते रोज सकाळी बाहेर पडायला लागले. आम्हाला वाटलं, पाय मोकळे करायला जातात. एके दिवशी माझ्या वडिलांचा फोन आला. व्याही पुन्हा आमच्या दारात थांबलेत, म्हणाले.

गेल्या वर्षी सासऱ्यांनी माहेरच्या खिडक्या ठोकून 'ठणठणीत' म्हटलं होतं. आता ते वडिलांना सांगत होते, "तेव्हा मी बोललो ते धरू नका. मला ऐकू येत नव्हतं. पुन्हा ऐकतो." मग कळलं, की अलीकडे जिथे जिथे त्यांनी तो शब्द दिला होता, त्या प्रत्येक दारात ते असंच उभे राहिले होते. एका घरात खिडकी खरंच पोकळ निघाली. त्या लोकांनी रागावायचं सोडून त्यांना चहा पाजला. माझे वडील एरवी कोणाला बोलू देत नाहीत, पण त्या दिवशी सासऱ्यांना नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी घरातले पंखे बंद केले आणि फोनसुद्धा लांब जाऊन केला. मी फोन ठेवला आणि रडले. इतका अभिमान मला कोणाचा वाटला नव्हता.

संध्याकाळी सासरे आले आणि दाराशी बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. सासूबाई सिंकपाशी पाठमोऱ्या होत्या. त्यांनी नळ मोठा सोडला आणि भांड्यांकडे बघत हळूच म्हणाल्या, "उगाच बोलले तुम्हाला इतके दिवस." ही त्यांची अलीकडची युक्ती होती. मनातलं असं काही असलं, की त्या ते सासऱ्यांच्या बहिऱ्या कानांना सांगून मोकळ्या व्हायच्या.

सासऱ्यांचा नाडीवरचा हात थांबला. "ऐकलं," ते म्हणाले.

सासूबाईंनी झटकन नळ बंद केला. "काय ऐकलंत?"

"काही नाही," म्हणत सासरे उठले, आणि मागच्या पायरीवर जाऊन कपडे झटकायला लागले.