भरून ठेवलेली टाकी

पाणी गोठलं की फुगतं, आणि फुगलेल्या पाण्यापुढे तांबं, लोखंड, दगड, कुणाचंच काही चालत नाही. माणसाने निसर्गाच्या या नियमापुढे नम्र व्हावं आणि वेळ असताना तयारी करावी. नाहीतर जे फुटायचं ते फुटतंच. ही गंभीर शिकवण मला कतारमध्ये मिळाली, ऑक्टोबर महिन्यात, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असताना.

वर्ल्ड कपला अजून अवकाश होता, पण अख्खा देश आधीच पाहुण्यांसाठी आवरायला बसला होता. दोह्यात जिथे खड्डा खणला असेल तिथे पत्र्याचं कुंपण, कुंपणावर हसऱ्या माणसांची चित्रं आणि चित्रांखाली ‘भविष्य’ हा शब्द. भविष्य बहुतेक खड्ड्यातच होतं. आमच्या लहानशा कंपनीलाही त्यात वाटा हवा होता. पाहुण्यांना उतरायला कॅरॅव्हन पुरवायचं कंत्राट निघणार होतं. कॅरॅव्हन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायची, चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, संडास, शॉवर. पलंगाखाली पाण्याची टाकी, पंप, गिझर. नमुना म्हणून उत्तर युरोपातून एक मागवली आणि दोह्याबाहेर, समुद्रकाठच्या समैस्मा गावाजवळच्या आमच्या यार्डात आणून ठेवली. कागदोपत्री तिचं नाव होतं ‘मोबाइल हॉस्पिटॅलिटी युनिट’. मुकादम तिला ‘गाडी’ म्हणायचे.

मुकादम आमचे प्लंबिंगचे सुपरवायझर, रत्नागिरीकडचे. रत्नागिरीत मुकादम हे आडनावही असतं, त्यांचं मात्र ते नव्हतं. पण सगळं यार्ड तसंच हाक मारायचं आणि तेही ओ द्यायचे. माणूस तोंडाळ, हट्टी, आणि स्वतःचं कधी चुकत नाही या मताचा. माझ्याशी मराठीत भांडायचे, मॅनेजरशी हिंदीत आणि पंपाशी अरबीत.

कंत्राटाच्या अटींमध्ये एक कलम होतं: साठवणीतल्या प्रत्येक युनिटच्या पाण्याच्या व्यवस्थेचं उत्पादकाच्या सूचनेनुसार ‘विंटरायझेशन’ केलेलं असावं. म्हणजे हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून टाकी, गिझर, नळ सगळं कोरडं करायचं आणि पाइपांत न गोठणारा गुलाबी द्रव भरून ठेवायचा. कुणीतरी कुठल्यातरी थंड देशाच्या कंत्राटातून हे कलम जसंच्या तसं उचललं होतं. मी एकदा सुचवलं की हे काढायला सांगू. मॅनेजर म्हणाले, कलम काढायचं तर ते कुणी घातलं हे विचारावं लागेल, आणि ज्याने घातलं तो आपली बिलं पास करतो.

मी मुकादमांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे शाकारणी.”

“काय?”

“पावसाआधी होडी वर काढून झावळ्यांनी शाकारतात नाय का आमच्याकडं? तसं. फक्त आमच्याकडं पाऊस येतो ओ साहेब. इथं काय येणार?”

“तपासनीस.”

तो दोनदा येऊन गेला होता. सल्लागार कंपनीचा उंच, लालबुंद, सभ्य माणूस. पहिल्या वेळी शॉवरच्या नळीतून थेंब पडले: नापास. दुसऱ्या वेळी गिझरच्या तळाशी ओंजळभर पाणी निघालं: नापास. तो मूर्ख नव्हता. त्याच्या गावी त्याची स्वतःची कॅरॅव्हन एका हिवाळ्यात आतून फुटली होती, आणि ते सांगताना त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. आपल्याकडे दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो. हा बर्फाने पोळलेला, वाळवंट फुंकत होता.

दुसऱ्या नापासानंतर मॅनेजरनी मुकादमांना केबिनमध्ये बोलावलं, मलाही बसवून घेतलं. तिसऱ्यांदा नापास झालं तर कंत्राट गेलं, आणि कंत्राट गेलं तर मुकादम खलास. परतीचं तिकीट काढून देऊ. मॅनेजर हे रागाने बोलले नाहीत, म्हणून ते खरं वाटलं. मुकादम दोह्यातल्या अल मन्सूरा भागात, जुन्या इमारतीत बायको आणि मुलीबरोबर राहत. मुलगी बारावीला. व्हिसा गेला की शाळाही मध्येच सुटणार, आणि बोर्डाची परीक्षा दुसरीकडून द्यायची तर वर्ष गेल्यातच जमा. केबिनमधून बाहेर आल्यावर मुकादम प्रथमच माझ्याशी भांडले नाहीत. नुसते म्हणाले, “पोरीला सांगू नका काय. ती अभ्यास करतेय.”

तिसरी तपासणी शनिवारी सकाळी ठरली. शुक्रवारी नमाजानंतर मुकादमांनी स्वतः काम केलं. टाकी सोडली, गिझरचं बूच काढलं, कॉम्प्रेसर लावून पाइपांतून हवा फुंकली. मग पंपाची नळी गुलाबी द्रवाच्या कॅनमध्ये बुडवली आणि एकेक नळ उघडून गुलाबी दिसलं की बंद केला. हा द्रव कॅरॅव्हनबरोबरच आला होता. दोह्यात मिळत नव्हता, कारण मागायचा कुणी. थोडा शिल्लक राहिला. मुकादम कॅनला झाकण लावून म्हणाले, “झाली गाडी शाकारून. आता अल्ला आणि तो गोरा.”

शनिवारी मी बायकोलाही बरोबर नेलं. तपासणी उरकली की समैस्माच्या किनाऱ्यावर डबा खायचा बेत होता. मुकादम आधीच आलेले. त्यांनी तिच्या हातात एक मोठी बाटली दिली. “वहिनी, घरचं कोकम. गावचं. पाक घट्ट आहे, पाणी बघून घाला.” मग ते आणि मी कागद घ्यायला यार्डाच्या ऑफिसात गेलो. एक प्लंबर गाडीवरची धूळ धुवत होता; तो चहाला गेला आणि पाण्याचा पाइप तसाच चालू ठेवून गेला.

आम्ही परत आलो तेव्हा बायको गाडीच्या पायरीवर बसून पदराने वारा घेत होती. प्रसन्न दिसत होती.

“अहो, आतली टाकी रिकामी होती. लाल दिवा लागलेला. इकडे पाइपाला पाणी येत होतं, वाया चाललेलं. भरून ठेवली.”

 बायकोचं बालपण नाशिकच्या अशा भागात गेलं जिथे पाणी पहाटे यायचं आणि कुणालाही न विचारता जायचं. येणारं पाणी आणि रिकामं भांडं एकत्र दिसलं की तिचे हात आपोआप चालतात. लग्नानंतर इतकी वर्षं दोह्यात नळाला चोवीस तास पाणी आहे, तरी आमच्या न्हाणीघरात एक बादली कायम भरलेली असते.

मुकादम हळूच म्हणाले, “वहिनी, नळ नाय ना सोडलात?”

“सोडले की. आधी कसलं तरी गुलाबी यायला लागलं. म्हटलं गंज असेल. मग सगळे नळ सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवून काढले. संडाससुद्धा.”

मी तिला दोन वाक्यांत सांगितलं काय झालं ते. मुलीचंही सांगितलं. ती उभी राहिली आणि तिचा हात तोंडावर गेला. तिने मुकादमांकडे पाहिलं. मला वाटलं आता मुकादमांचं तोंड सुटणार, आणि सुटलं असतं तर मी काय बोलणार होतो?

“चूक नाय ओ तुमची,” ते म्हणाले. “माझी बायको असती तर तिनं वर चार बाटल्या पण भरल्या असत्या.” आणि माझ्याकडे वळून ओरडले, “बघताय काय साहेब! बूच काढा गिझरचं!”

तपासनीस यायला तासभरही नव्हता. टाकीचा खालचा कॉक उघडला; पाणी सुतासारखं बारीक पडत राहिलं. भरायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ रिकामी व्हायला लागणार, हे दिसत होतं. मुकादमांनी टाकीचं झाकणच उघडलं आणि आम्ही मगाने पाणी उपसायला लागलो. बायको बादल्या वाळूवर ओतत होती, आणि प्रत्येक बादली ओतताना तिच्या चेहऱ्यावर कळ उमटत होती. ती मुलीसाठी होती की पाण्यासाठी, मी विचारलं नाही. मॅनेजरचा फोन आला: “यल्ला, सब रेडी?” मी म्हटलं, रेडी. माझ्या हातातून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

टाकी पुसली. कॉम्प्रेसर लावला. शॉवरमधून हवा शिंकल्यासारखी बाहेर आली, मग थेंब, मग नुसती हवा. मुकादमांनी शॉवरची नळी काढून डोक्याभोवती गोफणीसारखी फिरवली, शेवटचा थेंबही राहू नये म्हणून. मग पंपाची नळी उरलेल्या गुलाबी कॅनमध्ये. संडास: गुलाबी. शॉवर: गुलाबी. बेसिन: गुलाबी, जरा फिकट. ओट्याचा नळ सगळ्यांत लांब. तो उघडला आणि पंपाचा आवाज बदलला, घशात काही नसताना घोट घ्यावा तसा. कॅन संपला होता. ओट्याच्या नळातून फुसकी हवा आली.

लांब रस्त्यावर धूळ उठली. तिच्यापुढे पांढरी लँडक्रूझर.

“कोरडा आहे ना? चालेल,” मी म्हटलं.

“नाय चालणार. मागच्या वेळी काय म्हणाला तो? प्रत्येक नळातून गुलाबी दिसायला हवं. दिसायला.” मुकादम ओट्याला धरून उभे होते. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून पडला आणि त्यांनी तो पटकन बाहीने टिपला. ओटा ओला दिसू नये म्हणून.

बायको आत आली. तिच्या हातात कोकमाची बाटली होती.

“हे घाला.”

“वहिनी, काय पण!”

“गुलाबी हवंय ना? मग घाला. नाहीतरी मीच धुवून टाकलंय सगळं.”

मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. इंजिनिअर मी होतो. मला एवढंच आठवलं की साखर-मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे समैस्मा होतं. मी मान हलवली. मुकादमांनी बाटलीत थोडं पाणी घालून हलवलं, नळी बुडवली, पंप चालू केला. नळ खोकला आणि त्यातून रत्नागिरी आली. रंग जरा गडद होता. वास लपवण्यासारखा नव्हता. बाहेर लँडक्रूझरचं दार वाजलं.

तपासनिसाने नेहमीप्रमाणे हसून सगळ्यांशी हात मिळवले. आम्ही तिघं दाराबाहेर वाळूत उभे राहिलो. त्याने टाकीत टॉर्च मारला. गिझरच्या बुचाला बोट लावलं. संडास, शॉवर, बेसिन पाहिलं, मान डोलावली. मग ओट्याशी थांबला आणि या वेळी खिशातून एक छोटं नळकांडं काढलं. मागच्या दोन वेळी ते नव्हतं. द्रवाचा एक थेंब काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरून पाहायचं, की तो किती थंडीत गोठेल ते आत दिसतं. मुकादमांनी माझा दंड धरला. धरला म्हणजे दाबलाच.

नळ उघडला. थेंब घेतला. तपासनीस दारात आला, नळकांडं सूर्याकडे धरलं, एक डोळा मिटला. बायकोने दोन्ही डोळे मिटले. टाकीखालच्या वाळूत उपसलेलं पाणी मुरताना बारीक बुडबुडे येत होते, आणि मी त्यांच्यावर पाय ठेवून उभा राहिलो.

“मायनस ट्वेंटी,” तो म्हणाला. “व्हेरी गुड.”

ते यंत्र फक्त प्रकाश किती वाकतो एवढंच मोजतं, हे मी नंतर वाचलं. साखरेच्या पाकातूनही तो छान वाकतो. मग त्याने बोट नाकाशी नेलं आणि जरा थबकला.

“न्यू ब्रँड?”

“नॅचरल, सर,” मुकादम म्हणाले.

तपासनिसाने हे शब्द शेऱ्यात लिहिले, सही केली, आणि पुन्हा सगळ्यांशी हात मिळवून गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो. मग मुकादमांनी माझा दंड सोडला आणि म्हणाले, “वहिनी, बाटली दुसरी देतो.” आणि गाडीच्या चाकाला पाठ लावून खाली बसले. बायको आत गेली, आणि पाणी प्यायला ग्लास घेऊन नळाकडे वळली, तेव्हा आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

चार दिवसांनी ओट्याच्या नळाशी मुंग्यांची रांग लागली. मुकादमांनी ती कुणाला दिसायच्या आत निस्तरली.

कंत्राट मिळालं. मुकादमांची मुलगी बारावीला दोह्यातच बसली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. मॅनेजरनी एक छोटी सभा घेतली, केक कापला, ‘जागतिक दर्जा’ या विषयावर बोलले आणि मुकादमांना बढती दिली. नव्या ओळखपत्रावर इंग्रजीत ‘विंटरायझेशन सुपरवायझर’ असं लिहून आलं. पद तयार करण्यात आणि सह्या होण्यात वेळ गेला, त्यामुळे ते प्रत्यक्ष रुजू झाले जून महिन्यात. तोवर यार्डातल्या कॅरॅव्हनमध्ये काही कामगारांना राहायला दिलं होतं, आणि टाक्यांतलं पाणी अंगावर घेता येणार नाही इतकं तापत होतं.

नव्या पदावरचं मुकादमांचं पहिलं काम म्हणजे रोज सकाळी टाक्यांमध्ये बर्फ टाकणं.