पासवर्ड चहा पितायत!

फायली सुरक्षित कशा पाठवाव्यात, हे मी ऑफिसात लोकांना शिकवतो. (त्याचा पगारही घेतो.)

त्या दिवशी माझ्या मुलीच्या, जुईच्या, कॉलेज प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. मीरा रोडला कॉलेजच्या खिडकीशी पोहोचलो आणि कळलं, दाखल्याची फाइल खारी गावात घरच्या कॉम्प्युटरवरच राहिली! साडेचार वाजलेले आणि खिडकी पाचला बंद.

"पप्पा, आजीला फोटो काढून पाठवायला सांगा ना," जुई म्हणाली.

"छे! घरच्या कॉम्प्युटरवरून थेट माझ्या लॅपटॉपवर, कुलूपबंद!"

मी आईला फोन लावला. (वय सत्तर, पण कॉम्प्युटरवर पत्ते खेळून तयार झालेली.) बटणं सांगितली आणि वर बजावलं, "फोनवर काही लिहून पाठवायचं नाही, चोरी होते. आणि पासवर्ड असा टाक, जो तुझ्या तोंडून जन्मात बाहेर पडणार नाही!"

फाइल आली. पासवर्ड मागायला लागली.

"आई, सांग आता."

"न्हाय सांगनार. तूच बोललास ना?"

"अगं, मला सांगितलं तर चालतं!"

"तुला चालतंय रे, मला न्हाय चालत."

"मग लिहून पाठव!"

"आनि चोरी झाली म्हंजे?"

रांगेतून एक काकी म्हणाल्या, "भाईसाब, मम्मी को प्यार से पूछो ना!"

"आई गं, निदान काहीतरी खूण तरी सांग!"

"खूण? हितं बाजूला बसून चहा पितायत."

"पासवर्ड चहा पितायत?"

"बशीतून."

मी 'चहा' टाकला, 'बशी' टाकली, 'कटिंग'सुद्धा टाकलं. पाचला सात मिनिटं! जुईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात तिनेच फोन हिसकावला.

"आजी, उखाणा घे!"

(पन्नास वर्षांत आईने बाबांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलेलंच नाही. हे मला तेव्हा आठवलं!)

आईने घसा खाकरला. स्पीकर चालू होता.

"मिठागरात पिकतं मीठ, खाडीला येते ओहोटी,
काशिनाथांचं नाव घेते, पोराची अक्कल छोटी!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. मी 'काशिनाथ' टाकलं आणि फाइल उघडली. पाचला दोन मिनिटं असताना जुईचा अर्ज आत गेला आणि माझा जीव भांड्यात पडला.

खिडकीतले क्लार्क मात्र माझ्या छातीकडे टक लावून बघत होते.

"साहेब, एवढं आईंना कशाला छळलंत?"

मी खाली पाहिलं. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं, ठळक अक्षरांत: महेश काशिनाथ म्हात्रे, माहिती सुरक्षा विभाग!