बाळंतिणीचं पाणी

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईची नोकरी जिवतीच्या डोंगरात आणि तिथून दवाखाना लांब. म्हणून नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात मी आरमोरीला, सासरीच बाळंत झाले. मुलगी झाली. दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरपूर पाणी प्या. सासूबाईंनी इतक्या आदरानं मान डोलावली की मला वाटलं, सुटले.

घरी येताच त्यांनी खोलीतला कूलर बंद केला, पाण्याचा तांब्या उचलून नेला आणि माझ्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. बाहेर पत्रे तापून कडकड वाजत होते. अशा उन्हात माणूस आपोआपच शेकून निघतो, पण फुकटच्या शेकाला औषधाचा मान कुठून मिळणार? कानाला फडकं, ओवा-शेपांची धुरी, मोहाच्या बियांच्या तेलाचं मालीश, डिंकाचे लाडू, सगळं रीतीप्रमाणे. फक्त पाणी नाही. पाणी प्यालं की बाळंतिणीचं पोट सुटतं, दूध पातळ होतं. ओव्याच्या उकळलेल्या पाण्याचे दोन-चार घोट मिळत, तेही लाडू घशात अडकला तर.

पण दूध पातळ व्हायला आधी ते यायला हवं ना! पोरगी तोंड लावी, ओढी आणि रडून लालबुंद होई. शेजारणी येऊन बघून जात. "लाडू वाढवा," एकीनं निदान केलं. लाडू वाढले. नवरा रांजणातलं गार पाणी घटाघटा पिऊन यायचा आणि विचारायचा, "आज कसं वाटते?" त्याला लाडू फेकून मारावासा वाटे. डिंकाचा होता, चांगला लागला असता.

शेवटी एका संध्याकाळी सासूबाई त्याला म्हणाल्या, "उद्या डब्याचं दूध आन. हिले नाई उतरत." लेकरू आपल्या अंगावर पिणार नाही, याची मला भीती वाटली आणि लाजही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालीशवाली आली नाही, म्हणून आंघोळ घालायला सासूबाईच न्हाणीत आल्या. बाळंतिणीला बाहेरून पाण्याची काही कमी नव्हती. कडुनिंबाचा पाला घालून उकळलेलं, हंडाभर. मी पाटावर बसले, डोक्यावरून धार आली आणि मी तोंड वर करून सरळ आ केला. कढत आणि कडूजहर. गटागटा प्याले.

धार थांबली. मी डोळे घट्ट मिटून घेतले, आता काय ऐकावं लागतं म्हणून. मग धार पुन्हा सुरू झाली, बारीक, नेमकी तोंडात.

"सावकाश पे. ठसका लागन," सासूबाई म्हणाल्या. "मी बी अशीच पेत होती."

"मंग बाजेवर काऊन नाई देत तुमी?"

त्यांनी दुसरा लोटा भरला. "माह्या सासूनं मले कुठी देल्लं होतं?"

दोनेक दिवसांत दूध उतरलं. डबा उघडावा लागला नाही. शेजारणींनी लाडवांची कृती विचारून घेतली आणि सासूबाईंनी ती तुपाच्या प्रमाणासकट सांगितली. न्हाणीबद्दल अवाक्षर नाही. पण त्यानंतर मला आंघोळ घालायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही, आणि हंड्यात निंबाचा पाला टाकणंही बंद केलं.