लोकरीची धाप आणि जासुदाची धाप

सूर्य उगवून चार घटका झाल्या होत्या, तेव्हा माझा श्वास पहिल्यांदा अडकला. वेळ पक्की आठवते, पागेतले टोल नुकतेच पडले होते.

पागेच्या ओसरीवर आम्ही दहा-बारा जणी खोगिरांत लोकर भरायचो. सगळ्यांचे नवरे कर्नाटकच्या मोहिमेवर. आता मोहीम संपली, ओसरीही रिकामी झाली. पण दोघी भेटल्या की एक किस्सा निघतो आणि त्याच्या मागे चार येतात! भावाच्या धूळपाटीवर शिकले तेवढंच मला लिहिता येतं. त्यात मावतील ते लिहिते.

त्या सकाळी यमुनेनं लोकरीचं पोतं फोडलं आणि त्याच वेळी लोणीकडून मोहिमेवरचे निरोप आणणाऱ्या जासुदाच्या सांडणीची घुंगरं वाजली. माझा श्वास आत जाईना, बोटांना मुंग्या आल्या. पदराखाली चार महिन्यांचं लेकरू. मनात एकच, मी गेले तर याचं कोण?

शेजारी यमुना खोकत होती. तिला जुना दमा. सगळ्यांनी ठरवून टाकलं, "हिलाही लोकर बाधली!"

*

आमची मुकादम गोदाबाई. तिनं सगळ्यांच्या नाकातोंडावर ओली फडकी बांधायला लावली. पागेचे कारकून आले आणि दारातच थबकले.

"पुण्यात पेंढारी कधी शिरले?"

गोदाबाई म्हणाली, "आत्ताच! दप्तर ठेवा आणि चालायला लागा."

फडक्यानं यमुनेचा खोकला उतरला. माझी धाप होती तशीच.

*

श्रावणी सोमवारी काम बंद. मी नदीवर धुणं धूत होते. पलीकडे घुंगरं वाजली आणि मी मटकन खाली बसले.

"लोकर पोहत आली वाटतं!" गोदाबाई म्हणाली.

मग लोकरीवरचा आळ सुटला आणि सांडणीवर गेला. उंटाचे केस जासुदाच्या अंगाला चिकटून येतात, तेच हिला सोसत नाहीत! पुढच्या खेपेला तो पेठेत शिरताच बायकांनी त्याच्यावर दोन घागरी ओतल्या. निरोपांची थैली डोक्यावर धरून तो निथळत उभा.

"काकू, आता सांडणीलाही न्हाऊ घालू का?"

बायका हसून हसून लोळल्या. मी मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होते, आधी कुणाचं नाव घेतो म्हणून. श्वास गेलाच.

*

शेवटी सासूबाईंनी यमुनेला आणि मला वैद्यबुवांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली आणि सासूबाईंना म्हणाले, "दोघींच्या पाठीला कान लावा."

सासूबाईंनी लावला. "यमुनेच्या छातीत सनई वाजतेय. आमच्या सुनेच्या छातीत नुसती धडधड!"

"यमुनेचा श्वास धुळीत अडकतो, गारठ्यात अडकतो, पहाटे अडकतो. बाहेर पडताना वाजतो. हिचा वाट बघताना अडकतो. वाजत नाही, पण पुरतही नाही."

"म्हणजे ही सोंग करते?"

"धाप खरीच आहे, बाई. फक्त लोकरीची नाही. हिला सावकाश श्वास सोडायला शिकवा. पण दर वेळी आपल्याच मनानं ठरवू नका. जिला बोलता येईना, तिला तडक इकडे आणा."

सासूबाई तेव्हापासून घुंगरं वाजली की शेजारी येऊन बसायच्या, पाठीवर हात ठेवायच्या. "सोड. सावकाश सोड. घाई त्या उंटाला आहे, आपल्याला नाही."

त्या हाताची ऊब अजून आठवते.

*

फाल्गुनात एका सकाळी पोतंही फुटलं आणि घुंगरंही वाजली. या वेळी यमुना खाली बसली. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच पथकात.

"काळजीच ही!" गोदाबाई म्हणाली. "सोड गं, सावकाश सोड."

यमुनेला शब्द फुटेना. गळ्याखालची खळी आत ओढली जात होती, ओठ निळसर पडले होते.

"अहो, ही लोकर आहे!" मी ओरडले. लेकरू सासूबाईंच्या मांडीवर टाकलं आणि गोदाबाईनं व मी यमुनेला उचलून वैद्यबुवांकडे नेलं. दिवस कलेपर्यंत मी तिला बसती धरून होते. तिला पहिलं वाक्य बोलता आलं ते असं, "अगं, तुझं लेकरू उपाशी असेल!"

धावत घरी आले. सासूबाई उंबऱ्यात, लेकरू कडेवर, छाती भात्यासारखी वरखाली.

"काय झालं?" मी घाबरले.

"काय झालं? जासूद निरोप सांगून गेला त्याला दोन प्रहर झाले! तुमच्या दोघींचेही नवरे खुशाल आहेत. तेव्हापासून पोटात ठेवून बसलेय, आणि तू एका शब्दानं विचारायला तयार नाहीस!"

मी खरंच विसरले होते.

त्यांनी लेकरू माझ्या हातात दिलं आणि खांबाला टेकल्या.

"याला पाज, आणि तशीच जाऊन यमुनेला सांग. मला आता बोलायला श्वास पुरत नाही."